चीज, रेनेट आणि एक काटेरी फूल



नातवंडांना चीज हवं असतं आणि आपण पाकीट उलटंपालटं करून हिरवं चिन्ह शोधतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणतंच, "खरं चीज रेनेटशिवाय होत नाही. तुमचं जैनांचं सगळंच वेगळं!" मी कॉमर्सवाली. कुणी हिशेब सांगितला की जुनी वही उघडून बघायची सवय. चीजची वही उघडली तर ती दोन हजार वर्षांपूर्वीची निघाली.

आधी रेनेट म्हणजे काय ते सांगते. दूध पिणाऱ्या वासराच्या, कोकराच्या किंवा करडाच्या जठरात दूध साकळवणारा पाचकरस असतो. तो त्या जठराच्या अस्तरातून काढतात. जीव घेतल्याशिवाय तो मिळत नाही, म्हणून आपल्याला वर्ज्य.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. तो मूळचा स्पेनमधल्या कादिझचा. चीजसाठी दूध बहुधा कोकराच्या किंवा करडाच्या रेनेटने साकळवतात, असं तो सांगतो. पण लगेच पुढे लिहितो, की रानातल्या काटेरी झाडाच्या फुलाने, करडईच्या बियांनी आणि अंजिराच्या चिकानेही ते साकळतं. अंजीर आपल्या अनेक घरांत चालत नाही, पण करडई तर आपल्या सोलापूर-मराठवाड्याची! त्याच पानांवर वाटलेला थाईम दुधात घालून चीजला स्वाद देण्याची रीतही आहे. थाईमला आपल्या ओव्यासारखा वास येतो, कारण थायमॉल हे द्रव्य दोन्हींत असतं.

काटेरी फुलाची रीत आजही चालू आहे. पोर्तुगालमधलं सेरा दा एस्ट्रेला आणि स्पेनमधलं तोर्ता देल कासार ही नावाजलेली चीजं मेंढीच्या दुधात कार्डून नावाच्या झाडाच्या वाळलेल्या जांभळ्या फुलांचं पाणी घालून करतात. म्हणजे चीजच्या माहेरीच रेनेटशिवाय चीज होतं.

आपल्याकडे सिंध, पंजाब, बलुचिस्तान भागात पनीरडोडी नावाच्या झुडपाची फळं याच कामाला वापरत. केंब्रिजच्या शेरिडन ली यांनी १८८३ मध्ये तिच्या बियांवर प्रयोग करून रॉयल सोसायटीत निबंध दिला. प्राण्याच्या रेनेटचं चीज हिंदुस्थानातले लोक खाणार नाहीत, हा विचार त्या प्रयोगांमागे होता. आपल्या 'नाही'ची दखल प्रयोगशाळेला घ्यावी लागली!

आता घरचं मऊ चीज. यात लिंबाच्या आंबटपणाने दूध फाटतं, त्यामुळे ते पिझ्झ्यावर वितळणार नाही. खाकऱ्यावर, पोळीवर लावायला मात्र छान.

एक लिटर साईचं दूध गाळून उकळा. गॅस बंद करून दोन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला आणि हलक्या हाताने ढवळा. हिरवट पाणी सुटलं की थांबा. मलमलच्या कापडात वीस मिनिटं टांगा. वजन ठेवू नका, नाहीतर पनीर होईल. मग पाव चमचा मीठ, मिरपूड, बारीक चिरलेली ओव्याची पानं किंवा पुदिना घालून मळा. वरून घरच्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या लावा. बाजारातल्या हारवाल्याची फुलं नकोत, त्यांवर फवारणी असते. प्रत्येक पान आणि पाकळी उजेडात दोन्ही बाजूंनी बघा, जीव असेल तर हळूच बाजूला सोडा.

चातुर्मासात पाल्याचा त्याग असेल किंवा फुलं कायमची सोडली असतील, तर भाजलेलं जिरं आणि मिरी पुरे. ताजं करा आणि त्याच दिवशी संपवा.

पुढच्या वेळी कुणी "खरं चीज" म्हणालं, तर वाद घालू नका. वाटी पुढे करा आणि कोलुमेलाच्या करडईची गोष्ट सांगा.