मुलकी अधिकाऱ्यांवरील देखरेख, करवीर संस्थानातील

मुलकी अधिकाऱ्यांवरील देखरेख (करवीर संस्थान) : नोकरवर्गावर ज्यांची हुकमत चालते त्यांनी स्वतःही हिशेब द्यावा, हे तत्त्व करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) हुकुमाच्या रूपाने दृढ झाले; त्याची कसोटी मात्र राजधानीतील हुजूर कार्यालयापेक्षा, भुदरगड पेट्याचे ठाणे असलेल्या गारगोटीसारख्या गावी, मामलेदार कचेरीच्या दाराशी अर्ज घेऊन ताटकळणाऱ्या रयतेच्या अनुभवावरच लागावयाची.

या विचाराचे बीज जुने आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, इ. स. १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे वाटेकरी लेखून त्यांना मर्यादेत ठेवण्याविषयी राजास सावध केले आहे. तरीही पुढील दोन शतके कुलकर्णी वंशपरंपरेनेच गावचे दप्तर सांभाळीत राहिला : जमाखर्च मोडी अक्षरांत, रुमालात बांधून त्याच्याच घरी ठेवलेला, आणि निरक्षर कुणब्याला आपल्या नावावर बाकी किती हे कळावयाचे तेही त्याच्याच तोंडून. १९१८ मध्ये शाहूंनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले. ज्याची बदली वा बडतर्फी वरिष्ठाच्या हाती नाही, त्याच्यावर देखरेख ती कसली, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

तत्पूर्वी, २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखण्यात आल्या होत्या. आरक्षणाचा आद्य हुकूम म्हणून त्याचे स्मरण होते ते यथार्थच. परंतु प्रत्येक खातेप्रमुखाने नव्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा, ही त्यातील तरतूद कारभाराच्या अभ्यासकाने विशेष आदराने वाचण्याजोगी आहे. ज्या खात्यांत नेमणुका पिढ्यान्‌पिढ्या ओळखीपाळखीने होत आल्या, तेथे न्यायबुद्धी केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविली असती तर हुकूम दप्तरातच पडून राहिला असता.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. भुदरगड तालुक्याचा कारभार गारगोटीहूनच चालू राहिला. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हेही पर्यवेक्षी पदावरील अधिकाऱ्यास स्वतःच्या सचोटीपुरतेच जबाबदार धरून थांबत नाहीत. आपल्या हाताखालील कर्मचाऱ्यांची सचोटी व कर्तव्यपरायणता राखण्यासाठी शक्य ते सर्व उपाय त्याने योजावेत, असे बंधन ते त्याच्यावर घालतात.