पुढची कार्यप्रणाली केव्हा येणार?

उन्हे तापू लागली, की आपल्याकडे चार माणसे जमली तेथे एकच प्रश्न निघतो : यंदा पाऊस केव्हा? पंचांग एक सांगते, वेधशाळा दुसरे सांगते, आणि पाऊस आपल्या मर्जीने येतो. त्याबद्दल आपण कोणास दोष देत नाही. कारण ढग काही माणसाने बनविलेले नसतात. परंतु जी वस्तू माणसाने स्वतः योजिली, जी त्याच्या पगारी माणसांनी त्याच्याच छपराखाली लिहिली, तिचा दिवस त्यालाच सांगता येऊ नये, हे नवल होय. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे जिला सर्वत्र ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, तिचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास असल्या नवलाने भरलेला आहे. त्यातून आपणा सामान्य नागरिकांना घेण्यासारखे काही आहे, म्हणून तो विषय आम्ही आज निवडला.

कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या वाड्यातील कारभारी. आपण पत्र लिहितो, हिशेब मांडतो, कागद छापून घेतो. यांपैकी एकही काम आपण यंत्राला थेट सांगत नाही. मध्ये हा कारभारी असतो. जागा कोणाला किती द्यायची, कोणाचे काम आधी व कोणाचे मागाहून, हे तोच ठरवितो. कारभारी बदलला की घराची रीत बदलते. म्हणून नवा केव्हा येणार, ही चौकशी केवळ रिकामटेकड्यांची नव्हे.

या कथेचा आरंभ ७ एप्रिल १९६४ या दिवशी करू. त्या दिवशी अमेरिकेतील आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० ही लहानमोठ्या यंत्रांची मालिका जाहीर केली, आणि सर्वांना पुरेल अशी एकच कार्यप्रणाली देण्याचा संकल्प सोडला. फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे त्या कामाची सूत्रे होती. यंत्रे तयार झाली, कारभारी मात्र वेळेवर आला नाही. एक वेळ अशी आली की हजाराहून अधिक माणसे त्या कामावर होती, तरी काम पुढेच ढकलले जाई. अखेर लहान यंत्रांपुरत्या निराळ्या, आटोपशीर प्रणाल्या देऊन गिऱ्हाइकांची सोय लावावी लागली. पुढे १९७५ साली ब्रुक्स यांनी या अनुभवावर एक पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या अशा कामावर आणखी माणसे घातली तर उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष आज प्रसिद्ध आहे.

हे उलटे वाटते खरे. पण हिशेब करून पाहा. विहीर खणायला दहांऐवजी वीस माणसे लावली तर काम लवकर उरकते. येथे मात्र प्रत्येकाचे लिहिणे दुसऱ्याच्या लिहिण्यावर अवलंबून असते. दहा माणसांनी एकमेकांशी मेळ ठेवायचा तर ४५ जोड्या होतात. शंभर माणसांच्या ४९५० होतात. नवा माणूस आला की त्याला शिकविण्यासाठी जुन्याचे काम थांबते. शिवाय एका भागातील चूक दुरुस्त करावी तर ती दुसऱ्याच भागात डोके वर काढते. हे सर्व आधी मोजता येत नाही, म्हणून तारीख चुकते.

पण प्रत्येक तारीख भोळेपणानेच दिली जाते, असेही समजू नये. १९८२ च्या नोव्हेंबरात व्हिजिकॉर्प या कंपनीने पडद्यावर चित्रांच्या साहाय्याने चालणारी आपली नवी प्रणाली लोकांना दाखविली. ती बाजारात येण्यास वर्ष लागले. ती येऊ घातली असतानाच, १० नोव्हेंबर १९८३ रोजी, मायक्रोसॉफ्टने आपली विंडोज येत असल्याचे न्यूयॉर्कमध्ये जाहीर केले. प्रत्यक्षात विंडोज आली २० नोव्हेंबर १९८५ ला! या दोन वर्षांत गिऱ्हाईक काय करणार? आज विकत घ्यावे की थोडे थांबावे, या विचारात तो पडला. बाजारात तुरी असतानाच घरात भांडण सुरू व्हावे, तसेच हे. हेतू काय होता याचा निवाडा आम्ही करीत नाही. परंतु जाहीर केलेली तारीख गिऱ्हाइकाचा हात खिशापाशीच अडकवून ठेवते, एवढे या उदाहरणावरून उघड होते.

आणि काही पाहुणे तर कधी येतच नाहीत. ॲपल कंपनीने १९९४ साली कोपलँड या नावाच्या नव्या प्रणालीची वार्ता दिली. दोन वर्षे तिची चर्चा झाली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये ते कामच सोडून देण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने नेक्स्ट ही दुसरी कंपनी विकत घेण्याचे ठरविले, आणि तिच्या पायावर उभारलेली प्रणाली २४ मार्च २००१ रोजी लोकांच्या हाती पडली.

आता कोणी म्हणेल, ही सारी अमेरिकेतील व्यापाऱ्यांची गोष्ट. आपल्याला तिचे काय? श्रोतेहो, आपल्याला तिचे फार होते. त्या काळी संगणकावर मराठी लिहिणे म्हणजे प्रत्येकाच्या टंकाची निराळी सांकेतिक लिपीच होती. पुण्यात लिहिलेले पत्र नागपुरात उघडावे, आणि तोच टंक तेथे नसला तर पडद्यावर चिन्हांचा नुसता केर दिसावा! युनिकोड या जागतिक संकेताने १९९१ मध्ये देवनागरीच्या अक्षरांना क्रमांक दिले. पण क्रमांकाने अक्षर उमटत नाही. ‘कि’ लिहिताना क आधी व वेलांटी मागाहून नोंदली जाते, आणि दिसताना वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरांची तर गोष्टच वेगळी. ही मांडामांड कारभाऱ्याने शिकल्यावाचून सुटका नव्हती.

ते शिक्षण ज्या प्रणालीत होते तिचे नाव विंडोज एनटी ५. तिची चाचणीची पहिली प्रत १९९७ च्या सप्टेंबरात निघाली. १९९८ च्या ऑक्टोबरात नाव बदलून विंडोज २००० झाले. आणि ती विक्रीस आली १७ फेब्रुवारी २००० या दिवशी. तीत मराठी होती, कोंकणीही होती. पुढे २५ ऑक्टोबर २००१ ला आलेल्या एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती. परंतु ती तबकडीवरून मुद्दाम बसवून घ्यावी लागे. ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या यंत्रावर मराठी विस्कटलेलीच राही. ही अडचण काढणारी पुढची आवृत्ती, लाँगहॉर्न, २००३ च्या सुमारास येईल असा अंदाज होता. २००४ च्या ऑगस्टमध्ये तिची मांडणी नव्याने करावी लागली, आणि व्हिस्टा या नावाने ती ३० जानेवारी २००७ रोजी सामान्य ग्राहकांना मिळाली. या सर्व काळात जगभर चर्चा चालली ती तिच्या काचेसारख्या दिसणाऱ्या चौकटींची. देवनागरी आता वेगळी बसवावी लागणार नाही, ही आपल्या दृष्टीने मोठी वार्ता त्या गलबल्यात कोणाच्या कानी पडली?

तारीख पाळता येतच नाही असे मात्र नाही. उबुंटू ही प्रणाली २००४ च्या ऑक्टोबरपासून दर एप्रिल व ऑक्टोबरात निघत आली आहे; २००६ साली एकदा एप्रिलची आवृत्ती १ जूनला निघाली. तिची रीत एस.टी.च्या गाडीसारखी आहे. जो भाग वेळेवर तयार नाही तो मागे राहतो आणि पुढच्या गाडीने येतो. उलट डेबियन या प्रणालीचे लोक, तयार होईल तेव्हा देऊ, एवढेच सांगत. त्यांच्या २००२ आणि २००५ च्या आवृत्त्यांमध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. तारीख ठरवा आणि माल सैल ठेवा, किंवा माल ठरवा आणि तारीख सैल ठेवा. दोन्ही मार्ग सचोटीचे आहेत. दोन्ही एकदम छातीठोकपणे सांगणाऱ्याची वाट पाहताना मात्र सावध असावे.

शेवटी एक व्यावहारिक गोष्ट. नव्याच्या आगमनाची तारीख चुकते, पण जुन्याच्या निरोपाची बहुधा चुकत नाही. विंडोज १० ही २९ जुलै २०१५ ला आली, आणि ही शेवटचीच विंडोज, असे कंपनीच्याच एका माणसाने त्या वर्षी सांगितले होते. ५ ऑक्टोबर २०२१ ला अकरावी आली! विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबण्याचा दिवस मात्र पुष्कळ आधी जाहीर झाला होता, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला ती ठरल्याप्रमाणे थांबली. अकरावीच्या अटी कडक. म्हणून एरवी धडधाकट चालणारी कितीतरी जुनी यंत्रे तिला अपात्र ठरली. शाळेच्या कार्यालयाला किंवा पेठेतील दुकानदाराला हा खर्च लहान नाही.

तेव्हा पुढची केव्हा येणार याचे तर्क करणाऱ्यांना खुशाल करू द्यावे. तो करमणुकीचा भाग आहे. आपण आपल्या वहीत तीन प्रश्न लिहून ठेवावेत : आज घरी आहे तिची देखभाल केव्हा संपते, नवी आली तर हेच यंत्र तिला चालेल काय, आणि आपले जुने मराठी कागद तीत नीट उघडतील काय. या तिन्हींची उत्तरे आजच विचारून घेता येतात.