कौल मागणारी चांदबीबी

चांदबीबी म्हटले की तोंडावर नकाब, हाती नंगी तलवार घेऊन खिंडारात उभी राहिलेली राणी डोळ्यांपुढे येते. वर्गात आम्हीही मुलांना तिची हीच ओळख करून देतो. ती खरी आहे, पण अपुरी आहे.

नागापूरहून मनमाड रस्त्याने नगर शहरात येऊन भिंगारकडे वळले की निजामशाहीचा भुईकोट किल्ला लागतो. 1595च्या अखेरीस शहजादा मुरादने त्याला वेढा घातला. सुरुंगाने पडलेले खिंडार चांदबीबीने रातोरात बुजवून घेतले आणि मग सुलहाची बोलणी केली. 1596च्या तहात वऱ्हाड मोगलांना गेला, पण नगर वाचले. तेव्हा तिला कोणी गद्दार म्हटले नाही.

तह टिकला नाही. 1597 मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ दख्खनी फौजांचा पराभव झाला. 1600 मध्ये शहजादा दानियाल आणि खानखानान नगरवर आले. त्यांना अडवायला निघालेला अभंगखान लढाई न देताच जुन्नरकडे निघून गेला. मदत कुठूनच येणार नव्हती. शिबंदीच्या जिवाचा आणि इज्जतीचा कौल घ्यावा, किल्ला द्यावा आणि लहानग्या बहादूर निजामशाहाला घेऊन जुन्नर गाठावे, असे चांदबीबीने ठरवले. राणी शत्रूला फितूर झाली, अशी हाकाटी तिच्याच एका अधिकाऱ्याने केली. खवळलेले शिपाई महालात घुसले आणि त्यांनी तिला ठार मारले.

पुढे काय झाले? मोगलांनी सुरुंग उडवले, तट ढासळला. ज्यांनी कौल नाकारला, ते शिपाई कापले गेले. बहादूरशाह ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. पण नगर गेले म्हणून निजामशाही संपली नाही. परांड्याला नवा निजामशाह गादीवर बसला आणि मलिक अंबरने ती दौलत 1626 पर्यंत, आपल्या मरणापर्यंत, लढती ठेवली. किल्ला सोडून राज्य वाचवता येते, हा चांदबीबीचा हिशेब बरोबरच होता.

याच किल्ल्यात दोनशे वर्षांनी पुन्हा तीच वेळ आली. 8 ऑगस्ट 1803 रोजी वेलस्लीने नगरची पेठ घेतली. तिथे शिंद्यांच्या पलटणीसोबत अरब शिपाई लढले. 10 तारखेला किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या. 11 तारखेला किल्लेदाराने बोलणी मागितली. वेलस्लीने तोफा थांबवल्या नाहीत, पण शिबंदीला जाऊ देण्याची आणि खासगी मालमत्ता राखण्याची अट मान्य केली. 12 तारखेला चौदाशे माणसे किल्ल्याबाहेर जिवंत पडली. चौदाशे घरांत परतण्याची आशा राहिली.

इ.स. 628 मध्ये हुदैबियाच्या सुलहाच्या अटी अनेक सहाबांना अपमानाच्या वाटल्या होत्या. त्याच सुलहाला कुरआनने उघड विजय म्हटले. हे आपण मिलादच्या जलशांत ऐकतो, पण आपल्याच इतिहासाला लावून पाहत नाही.

नगरजवळच्या डोंगरावरच्या इमारतीला लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. ती खरे तर सलाबतखानाची कबर आहे. जो महाल तिचा नाही तो आपण तिला सहज देऊन टाकला. हरलेल्या लढाईत आपल्या माणसांसाठी कौल मागण्याची जी हिंमत तिची होती, ती मात्र अजून तिच्या नावावर केलेली नाही. तलवारीच्या चित्राशेजारी तिची ही हिंमतही मुलांना शिकवली पाहिजे.