मिसिंग : जुन्या मोटारीच्या एका दुखण्याचा शोध

‘गाडी मिसिंग मारतेय’ हे वाक्य मराठवाड्यात न शिकलेल्या माणसाच्या तोंडीही सहज येते. पुष्कळांना तो मिस्त्री लोकांनी मोडतोड केलेला इंग्रजी शब्द वाटतो. तसे नाही. इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी एखाद्यात ठिणगी वाया गेली, पेट्रोल पेटले नाही, ठोका चुकला, की इंग्रजी बोलणारे मोटारवालेही इंजिन ‘मिसिंग’ करते असेच म्हणत. शब्द गाडीबरोबर आला आणि आपल्याकडे जसाच्या तसा टिकला.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. उमापुरात माझे कापडाचे छोटे दुकान आहे. गेली वीस-बावीस वर्षे आमच्या भागातील बाजार, वाटा आणि वाहने यांविषयी मिळेल ते वहीत उतरवून ठेवतो. मोटार दुरुस्तीकडे इतिहास म्हणून पाहावे असे मात्र २०२४पर्यंत सुचले नव्हते. त्या वर्षी मामांची प्रीमियर पद्मिनी मिसिंग मारू लागली.

गाडी १९८४ सालची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. २०२४मध्ये मुदत संपत होती. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२पासून पाच हजार झालेले. मामांचे वय ८१. त्यांचा मुलगा म्हणाला, “दादा, तपासणीत ही पास होणार नाही. भंगारात देऊन टाकू.” मामा काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला फोन करून एवढेच म्हणाले, “तू एकदा बघ.”

ही गाडी इथवर कशी आली ते आधी सांगतो. बीड जिल्ह्याला रेल्वे नव्हती असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. परळीला ती होती, पण बीड शहरात अहिल्यानगरकडून गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ला. तोवर आमचे सगळे चलनवलन रस्त्यावर. निजामाच्या रेल्वेने १९३२मध्ये रस्ता वाहतूक खाते काढले, तेव्हा त्याच्याकडे २७ गाड्या होत्या. रेल्वे नसलेल्या मुलखात गाडी बंद पडली की स्टेशन मास्तर नसतो, मिस्त्री लागतो. शेवगावकडून गेवराईकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव लागते. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी बॉनेट उघडलेली एखादी तरी गाडी तिथे उभी असेच.

पद्मिनीचा जन्म मुंबईचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या आणि मग फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. फियाट ११०० डी १९६४मध्ये आली, तीच पुढे १९७४मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले, इंजिन तेच राहिले : चार सिलिंडर, १०८९ सीसी. गावात तिला कोणी पद्मिनी म्हटले नाही, ती फियाटच. २०००च्या आसपास ती बंद झाली, म्हणजे साधारण पस्तीस वर्षे एकच यंत्र. परवाना राजला आपण शिव्या देतो आणि ते योग्यच आहे, कारण गाडीसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले. पण त्याचा एक परिणाम माझ्या वाचनात कुठे आला नाही. यंत्र बदललेच नाही, त्यामुळे विशीत ते शिकलेल्या मिस्त्रीला साठीपर्यंत तेवढे ज्ञान पुरले.

खरे तर ज्ञान त्याहून जुने. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांच्या जोरावर ठिणगी पाडण्याची पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी बसवली. मामांच्या गाडीत तीच आहे. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारे दोन छोटे धातूचे ओठ. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर या ओठांना सेकंदाला शंभर वेळा उघडावे लागते. एवढ्या उघडझापीत एखादी चुकणारच.

मी आधी चूक केली ती इथे कबूल करतो. गावात ज्याला विचारावे तो म्हणे, “इथेनॉलमुळे.” २०२३पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले होते. इथेनॉल पाणी ओढते, जुन्या रबरी नळ्या खाते, हे खरेच आहे. शिवाय ज्या जिल्ह्याची माणसे राज्यभर ऊस तोडायला जातात, तिथल्या गाडीला उसाचेच इंधन बाधावे, ही गोष्ट लेख लिहिणाऱ्याला फार मोहात पाडणारी. मी तीन वेळा कार्बोरेटर उघडला. जेट फुंकले, नळ्या बदलल्या. गाडी सकाळी नीट चाले आणि अर्ध्या तासाने पुन्हा ठोके चुकवी.

मग चाचांकडे गेलो. त्यांनी उमेदीची वर्षे मुंबईच्या गॅरेजात काढली आणि नंतर गावी परतून रस्त्याकडेला काम केले. आता त्यांना ऐकू फार कमी येते. ज्यांनी आयुष्यभर कानाने गाड्या ओळखल्या, त्यांना मी मोठ्याने ओरडून दुखणे सांगत होतो.

चाचा म्हणाले, “बेटा, आधी गरम कर.” गाडी गरम करून मिसिंग मारू लागली, तेव्हा त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला. मग खिशातला कागदाचा चिटोरा तिथे धरायला सांगितले. व्हॉल्व्ह जळालेला असेल तर कागद मधूनच आत ओढला जातो. शिसेविरहित पेट्रोल २०००मध्ये देशभर आल्यावर जुन्या इंजिनांना व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्याची भीती होतीच. कागद फडफडला, आत गेला नाही. मग प्लास्टिकच्या मुठीच्या पकडीने मी एकेका प्लगची वायर काढली. चाचांचा हात इंजिनावर. ज्या सिलिंडरची वायर काढल्याने फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. इथे प्रत्येक वेळी सारखाच फरक पडला. म्हणजे दुखणे एका सिलिंडरचे नाही, चौघांच्या सामाईक वस्तूचे.

मग चोक ओढायला सांगितला. पेट्रोल कमी पडत असते, तर चोक ओढल्यावर इंजिन सुधारले असते. ते आणखी गुदमरले. तिथेच माझा इथेनॉलचा सिद्धान्त संपला. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले, तर पॉइंट निळसर जळालेले. चाचांनी ते बोटाने दाखवले आणि म्हणाले, “कंडेन्सर.”

कंडेन्सर म्हणजे करंगळीएवढा डबा. पॉइंट उघडताना उसळणारा प्रवाह तो पोटात घेतो. तसे झाले नाही तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच पडते. आतले इन्सुलेशन जुने झाले की थंड असताना ते काम करते आणि तापले की दगा देते. इंजिनाशेजारीच बसवलेला, त्यामुळे तापणार हे नक्की.

गाव, बाजार, ऐकीव बोलणे यांवर मी वीस वर्षे टिपणे काढली. पुरावा तपासण्याआधी सगळे जे म्हणतात ते लिहायचे नाही, हे मला ठाऊक होते. तरी तीन वेळा कार्बोरेटर उघडलाच. चाचांनी मात्र एकेक शक्यता खोडण्यासाठी एकेक तपासणी केली आणि चौथ्या तपासणीनंतरच नाव घेतले.

नवा कंडेन्सर जिल्ह्याच्या गावी एका जुन्या दुकानात मिळाला. पॉइंट पॉलिश पेपरने घासले. फीलर गेज नव्हतेच. चाचांनी काडेपेटीचा पुठ्ठा मधे घालून फट लावली. नंतर मी मोजून पाहिले, पुठ्ठा साधारण ०.४ मिलिमीटर भरला, आणि फट हवी असते ती त्याच्या आसपासचीच. गेवराईपर्यंत जाऊन आलो, एक ठोका चुकला नाही.

तपासणीत गाडी पास झाली. मामा शेजारी बसले होते, परतताना चाचांच्या दारात थांबायला सांगितले. चाचांनी बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मला म्हणाले, “अजून दोन कंडेन्सर घेऊन ठेव. ते दुकान किती दिवस चालेल सांगता येत नाही.”