लघवीतून रक्त आलं आणि थांबलं, तरी तपासणी टाळू नका. मूत्रमार्गाच्या कॅन्सरवर उपचार कुठे, मदत कोणती?

अकलूज : उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की माळशिरस तालुक्यात घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘उन्हाळी लागलीय, सब्जाचं पाणी पी.’ लघवी लाल दिसली तर ‘मुतखडा असंल’ म्हणून विषय संपतो. बऱ्याच वेळा ते खरंही निघतं. पण काहीही न दुखता लघवीतून रक्त गेलं, तर ती मूत्राशयाच्या किंवा किडनीच्या कॅन्सरची खूण असू शकते. चाळिशी ओलांडलेल्या आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने तर एक दिवसही अंगावर काढू नये.

या आजाराची चाल फसवी असते. रक्त एक-दोनदा जातं, आपोआप थांबतं आणि कित्येक आठवड्यांनी पुन्हा दिसतं. मधल्या काळात गोळी लागू पडली, झाडपाल्याने गुण आला असं वाटतं आणि आत गाठ वाढत राहते. त्यात दुखणं ‘तसल्या जागेचं’ म्हणून पुरुष घरी बोलत नाहीत आणि बायकांच्या तक्रारीला जंतुसंसर्ग समजून वारंवार गोळ्या दिल्या जातात.

कोणती लक्षणं, कोणता अवयव?

• मूत्राशय : न दुखता रक्त जाणं, सारखी लघवीला लागणं.

• किडनी : लघवीतून रक्त, कुशीत दुखणं किंवा गाठ. अनेकदा काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसते.

• प्रोस्टेट : साठीनंतर धार बारीक होणं, रात्री वारंवार उठावं लागणं. हे बहुतेकदा वयाने ग्रंथी वाढल्यामुळे होतं. मात्र सोबत कंबर, मणका सतत दुखत असेल तर तपासणी हवीच. पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• अंडकोष : पंधरा ते चाळीस वयाच्या तरुणांत न दुखणारी कडक गाठ. तिला हायड्रोसील समजून थांबू नये.

• लिंग : बरी न होणारी जखम, कातडी मागे न सरकणं, घाण वास.

पहिली पायरी तालुक्यातच

लघवीची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी ही सुरुवात अकलूजमध्येच होते. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना दाखवून पुढची चिठ्ठी घ्यावी. सोनोग्राफी चांगली आली तरी लहान गाठ सुटू शकते. म्हणून रक्त गेलं असेल तर यूरोलॉजिस्टकडून दुर्बिणीने मूत्राशय तपासून घ्यावं. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ततपासणी करतात. पीएसए वाढला म्हणजे कॅन्सरच, असं नाही. खात्री तुकडा तपासल्यावरच होते. अंडकोषाच्या गाठीत मात्र सुई घालून तुकडा काढत नाहीत. रक्ततपासणी करून जांघेतून ऑपरेशन केलं जातं.

उपचार काय असतात?

मूत्राशयातली गाठ वरवरची असेल तर लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. पोटावर चीर लागत नाही. गाठ पुन्हा होण्याचा धोका जास्त असेल तर क्षयरोगाच्या लसीत वापरतात तेच बीसीजी मूत्राशयात सोडतात, सुरुवातीला आठवड्याला एक असे सहा डोस. ही गाठ परत येण्याची खोड असलेली आहे, म्हणून पहिल्या काळात साधारण दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी लागते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती चुकवणं महागात पडतं.

गाठ स्नायूत शिरली असेल तर पूर्ण मूत्राशय काढावं लागू शकतं. मग अनेकांच्या पोटावर लघवीसाठी पिशवी लावतात. पिशवीच्या धास्तीने काही जण ऑपरेशनच नाकारतात. प्रत्यक्षात पिशवीसह अंघोळ, एसटीचा प्रवास, शेतावर जाणं सगळं जमतं. फक्त पोती उचलण्यासारखी जड कामं टाळावी लागतात. काही रुग्णांना ऑपरेशनऐवजी किमो आणि रेडिएशनचा पर्यायही असतो.

किडनीची गाठ लहान असेल तर तेवढाच भाग काढता येतो. एक किडनी काढली तरी दुसरी चांगली असेल तर माणूस नीट जगतो. प्रोस्टेटमध्ये आजार किती पुढे गेलाय त्यावर नुसती देखरेख, ऑपरेशन, रेडिएशन किंवा हार्मोनचे उपचार ठरतात. अंडकोषाचा कॅन्सर वेळेत आला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. लग्न किंवा मूल व्हायचं असेल तर उपचाराआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना न लाजता विचारावं.

कुठे जायचं?

• बार्शी : टेंभुर्णी-कुर्डुवाडीमार्गे गाठता येणारं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली.

• सोलापूर : छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सिव्हिल.

• पुणे : ससून रुग्णालय.

• मुंबई : परळचं टाटा मेमोरियल, १९४१ पासून सुरू. त्याचंच केंद्र खारघरला आहे.

निघण्याआधी आपल्या आजाराचं ऑपरेशन किंवा रेडिएशन तिथे होतं का, हे फोनवर विचारून घ्यावं. सगळे रिपोर्ट, सीडी आणि तुकड्याचे ब्लॉक व स्लाइड सोबत न्यावेत. मोठ्या दवाखान्यात ते पुन्हा तपासतात.

पैशाची सोय

• महात्मा फुले जन आरोग्य योजना : २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होता. आता सर्व रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटावं. ही योजना कॅशलेस आहे. स्वतः बिल भरून नंतर पैसे परत मागता येत नाहीत.

• धर्मादाय रुग्णालयं : १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

• मुख्यमंत्री सहायता निधी : उपचार योजनेत बसत नसेल तर अर्ज करता येतो.

• संजय गांधी निराधार योजना : काम करू न शकणाऱ्या गरीब कॅन्सर रुग्णांना दरमहा अनुदान. चौकशी माळशिरस तहसील कार्यालयात.

प्रवास आणि मुक्काम

एसटीत कॅन्सर रुग्णांना तिकिटात सवलत आहे. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचं प्रमाणपत्र लागतं. अकलूजकरांना मुंबईची गाडी कुर्डुवाडीहून मिळते.

मुंबईत राहण्यासाठी बांद्र्याचं डॉ. अर्नेस्ट बोर्जेस होम, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या जागा आहेत. त्यासाठी टाटातल्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटावं. पिशवी लावलेल्या रुग्णांना मुंबईची ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया मार्गदर्शन करते.

आजार पुढे गेला असेल तर

बरं होण्याची आशा कमी असली तरी उपचार संपत नाहीत. वेदना कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवा मागावी. ‘सवय लागेल’ या भीतीने डॉक्टरांनी दिलेली मॉर्फिनची गोळी बंद करू नये. शेत विकण्याआधी किंवा सावकाराकडे जाण्याआधी त्या उपचाराने नेमका किती फायदा होणार, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. रुग्णालाही त्या बोलण्यात बसवावं.

लक्षात ठेवा : महात्मा फुले योजनेची हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मान भारत १४५५५. लघवीतून रक्त एकदाच गेलं असलं, तरी या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.