विद्युत सेडान मोटारीची खरेदी (यवतमाळ जिल्हा)

विद्युत सेडान म्हणजे बॅटरीतील विजेवर चालणारी, सामानासाठी स्वतंत्र डिकी असलेली चारचाकी प्रवासी मोटार. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ जिल्ह्यात अशी मोटार विकत घेताना बॅटरीचा प्रत्यक्ष पल्ला, घरातील वीजजोडणी, उन्हाळ्यातील तापमान, कर व पथकर, तसेच दुरुस्तीची सोय या बाबींचा विचार करावा लागतो. मोठ्या शहरांसाठी दिला जाणारा सर्वसाधारण सल्ला या जिल्ह्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. येथील लांब पल्ल्याच्या प्रवासाचे मुख्य केंद्र सुमारे १५० किलोमीटरवरील नागपूर हे आहे.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर असून त्यात १६ तालुके आहेत. वर्धा–यवतमाळ–नांदेड या रेल्वेमार्गापैकी वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ नावाने परिचित असलेली अरुंदमापी गाडी त्यापूर्वीच बंद पडली होती. परिणामी जिल्ह्याचा बहुतांश प्रवास रस्त्यानेच होतो. तुळजापूर–बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ व कळंब या गावांवरून जातो, तर नागपूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्यावरून जातो.

मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि विमानतळ या तिन्ही गोष्टी नागपुरात आहेत. यवतमाळ येथे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असले, तरी गुंतागुंतीच्या उपचारासाठी रुग्णास नागपूरला नेण्याची वेळ अनेक कुटुंबांवर येते. असा प्रवास ठरवून केलेला नसतो आणि वाटेत थांबण्यास वेळही नसतो. म्हणून मोटारीची क्षमता नेहमीच्या दहा-वीस किलोमीटरच्या फेऱ्यांवरून ठरवणे पुरेसे होत नाही.

भारतातील उपलब्ध पर्याय

भारतीय बाजारात विद्युत मोटारींचा भर उंच बांधणीच्या ‘एसयूव्ही’ प्रकारावर असून सेडान प्रकारात मोजकेच पर्याय आले. महिंद्राची ई-व्हेरिटो २०१६ मध्ये बाजारात आली व पुढे बंद झाली. टाटा मोटर्सची टिगोर ईव्ही ऑगस्ट २०२१ मध्ये सुधारित रूपात आली. ती चार मीटरपेक्षा किंचित कमी लांबीची लहान सेडान असून तिची बॅटरी २६ किलोवॅट-तासांची आहे. एक किलोवॅट-तास म्हणजेच वीजबिलावरील एक युनिट.

मध्यम आकाराच्या वर्गात बीवायडी या चिनी कंपनीची सील ही मोटार मार्च २०२४ मध्ये भारतात दाखल झाली. तिची लांबी ४.८ मीटर आहे. ती ६१.४४ व ८२.५६ युनिटांच्या बॅटरींसह मिळते. दाखल होताना तिच्या किमती, नोंदणी व विमा वगळून, ४१ लाखांपासून ५३ लाख रुपयांपर्यंत होत्या. त्यामुळे लहान सेडान आणि मध्यम सेडान यांच्या दरम्यान किमतीची मोठी दरी राहिली आहे.

जाहीर पल्ला आणि प्रत्यक्ष पल्ला

कंपन्यांनी जाहीर केलेला पल्ला ठरावीक चाचणीचक्रावर मोजलेला असतो. भारतात अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही प्रमुख संस्था होय. चाचणीतील सरासरी वेग कमी असल्याने महामार्गावर तेवढा पल्ला मिळत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हा रोध दीडपटीहून अधिक होतो.

चढाचा परिणाम मात्र समजला जातो तेवढा मोठा नसतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर, तर नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. दोन टन वजनाची मोटार १३५ मीटर उंच नेण्यास सैद्धांतिकदृष्ट्या पाऊण युनिट वीज पुरते. शिवाय उतारावर वेग आवरताना मोटार काही ऊर्जा बॅटरीत परत साठवते. याउलट मे महिन्यात वातानुकूलन यंत्र तीन तास चालल्यास ३ ते ४ युनिटे खर्च होऊ शकतात.

नागपूर फेरीचा हिशेब

यवतमाळ–नागपूर–यवतमाळ या सुमारे ३०० किलोमीटरच्या फेरीचा उदाहरणादाखल हिशेब पुढीलप्रमाणे करता येतो. यात मध्यम सेडानला महामार्गावर १०० किलोमीटरसाठी १६ युनिटे लागतात असे धरले आहे.

- प्रवासासाठी लागणारी वीज: ४८ युनिटे.
- उन्हाळ्यात जाता-येता वातानुकूलनासाठी: ६ ते ८ युनिटे.
- एकूण गरज: ५४ ते ५६ युनिटे.

सुमारे ६१ युनिटांच्या नव्या बॅटरीवर ही फेरी जेमतेम पूर्ण होते. परंतु बॅटरीची साठवणक्षमता वर्षांगणिक घटते. ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली की ६१ युनिटांची बॅटरी ४९ युनिटांची उरते आणि वाटेत किंवा नागपुरात चार्जिंग केल्याशिवाय परतणे शक्य होत नाही. लहान सेडानचा वीजखर्च कमी असतो. तरीही २६ युनिटांच्या बॅटरीवर एका बाजूचा प्रवास कसाबसा होतो व परतीसाठी चार्जिंग अनिवार्य ठरते. ८२ युनिटांच्या बॅटरीत मात्र घट धरूनही पुरेशी शिल्लक राहते.

म्हणून पल्ल्याचा विचार नव्या मोटारीच्या पहिल्या दिवसावरून करू नये. मोटार आठ वर्षे वापरावयाची असल्यास आठव्या वर्षीच्या मे महिन्यात ती कोठवर जाईल, हा प्रश्न निर्णायक ठरतो. हे अंतर तालुक्यागणिक बदलते. उमरखेडला नांदेड, तर वणीला चंद्रपूर अधिक जवळ आहे. पुसदहून नागपूर मात्र यवतमाळपेक्षा बरेच दूर पडते. प्रत्येकाने आपल्या गावाहून लागणाऱ्या सर्वांत लांब व अटळ फेरीचा असाच हिशेब मांडणे इष्ट असते.

चार्जिंग

घरातील चार्जिंग

साध्या १५-१६ अँपियरच्या जोडणीतून सुमारे ३.३ किलोवॅट वीज घेता येते. त्या गतीने ६१ युनिटांची रिकामी बॅटरी भरण्यास १८ ते २० तास लागतात. ३२ अँपियरच्या स्वतंत्र जोडणीवरील ७ किलोवॅटच्या चार्जरने हेच काम ९ ते १० तासांत होते. असा चार्जर बसवण्यापूर्वी महावितरणकडील मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागतो. खरेदीपूर्वी रात्रीच्या वेळी घरातील विद्युतदाब मोजून पाहणे उपयुक्त असते. दाब वारंवार खाली येत असल्यास चार्जिंग मंदावते किंवा मधेच थांबते. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगची तपासणी पावसाळ्यात न करता उन्हाळ्यात करून घेणे अधिक सुरक्षित होय.

ग्राहकास स्वतःच्या घरी, घरगुती दरानेच स्वतःची मोटार चार्ज करता येते. चार्जिंगमधील घट धरून १०० किलोमीटरसाठी १७ युनिटे मानली, तर महिन्याला १,००० किलोमीटर प्रवासासाठी १७० युनिटे लागतील. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे या वाढीव वापरास वरच्या टप्प्याचा दर लागू शकतो. छतावरील सौरसंचाने हा भार हलका होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत केंद्रीय अनुदान आहे. एक किलोवॅटच्या संचातून दिवसाला सरासरी ४ युनिटे धरल्यास ३ किलोवॅटचा संच महिन्याला सुमारे ३५० युनिटे देतो.

सार्वजनिक चार्जिंग

भारतातील मोटारींसाठी जलद चार्जिंगचा ‘सीसीएस-२’ हा जोड आता सर्वत्र रूढ झाला आहे. चार्जरची गती व मोटारीची स्वीकारण्याची क्षमता यांपैकी जी कमी असेल, त्या गतीने बॅटरी भरते. साधारण ८० टक्क्यांनंतर ही गती मुद्दाम कमी केली जाते.

सार्वजनिक चार्जिंगवरच विसंबून राहण्यातील अडचण विदर्भाने लवकर अनुभवली. २६ मे २०१७ रोजी नागपुरात ओला व महिंद्रा यांच्या सहभागाने विद्युत टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला. चार्जिंगसाठी लागणाऱ्या रांगा आणि त्यात बुडणारा व्यवसायाचा वेळ यांमुळे वर्षभरातच अनेक चालकांनी नाराजी व्यक्त केली. त्यानंतर बॅटरींची क्षमता बरीच वाढली. तरीही एका ठिकाणी एकच चार्जर असेल आणि तोही बंद असेल, तर वाटसरूची अडचण आजही तीच राहते. म्हणून नकाशावर दिसणारे केंद्र प्रत्यक्ष चालू आहे का, तेथे किती चार्जर आहेत आणि रात्री ते खुले असते का, याची खात्री आधीच करून घ्यावी लागते.

हवामान आणि रस्ते

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४३ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. अति उष्णतेने बॅटरी लवकर झिजते. म्हणून द्रवाने थंड होणारी बॅटरी येथे हवेने थंड होणाऱ्या बॅटरीपेक्षा अधिक योग्य ठरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरी तुलनेने उष्णता अधिक सहन करतात व दीर्घकाळ टिकतात. त्याच साठ्यासाठी त्यांचे वजन मात्र निकेलयुक्त बॅटरींपेक्षा अधिक असते. मोटार सावलीत उभी करणे आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत दिवसेंदिवस उन्हात न ठेवणे, हे कोणत्याही प्रकारात हितकारक असते.

सेडानची बांधणी मुळातच बुटकी असते आणि विद्युत मोटारीत बॅटरी तळाशी बसवलेली असते. उंच गतिरोधक, शेताकडे जाणारे कच्चे रस्ते व पावसाळ्यात वाहणारे नाले लक्षात घेता जमिनीपासूनची उंची पूर्ण प्रवासी बसवून तपासणे योग्य होय. बॅटरी जलरोधक असली, तरी वाहत्या पाण्यात मोटार घालणे धोक्याचेच असते. काही मोटारींत स्टेपनी नसून केवळ पंक्चर दुरुस्तीचा संच मिळतो. आडमार्गावर टायर फाटल्यास तो उपयोगी पडत नाही.

कर, सवलती आणि पथकर

विद्युत मोटारींवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लांब पेट्रोल व डिझेल मोटारींवर ४० टक्के कर लागू झाला. विद्युत मोटारींचा दर तोच राहिला. महाराष्ट्रात ३० लाख रुपयांहून महाग विद्युत मोटारींवर ६ टक्के मोटारवाहन कर लावण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता. तो नंतर मागे घेण्यात आला.

विक्रीच्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या काही सवलती संपलेल्या असतात. कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत आयकर वजावट देणारे कलम ८०-ईईबी केवळ ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना लागू होते. केंद्राच्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतू यांवर विद्युत मोटारींसाठी पथकरमाफी जाहीर झाली आहे. समृद्धी महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातून जात नाही. यवतमाळकरांना त्यासाठी अमरावती जिल्ह्यातील धामणगावकडे जावे लागते. राष्ट्रीय महामार्ग ३६१ व ४४ यांवरील नाक्यांना राज्याची ही माफी लागू होत नाही, त्यामुळे जिल्ह्यातील नेहमीच्या प्रवासात तिचा लाभ अत्यल्प आहे.

खर्चाचा ताळमेळ

पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये आणि मोटारीची सरासरी १५ किलोमीटर धरल्यास दर किलोमीटरला ७ रुपये खर्च येतो. युनिटचा दर १२ रुपये धरल्यास विद्युत मोटारीचा हा खर्च सुमारे २ रुपये होतो. म्हणजे वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याची इंधनावर सुमारे ६०,००० रुपयांची बचत होते. दोन मोटारींच्या किमतीतील फरक ४ लाख असेल, तर तो साडेसहा ते सात वर्षांत भरून निघतो. हाच फरक २४ लाख असेल, तर त्यास ४० वर्षे लागतील. त्यामुळे महागड्या मध्यम सेडानची खरेदी केवळ इंधनबचतीच्या आधारे समर्थनीय ठरत नाही. त्यासाठी सुखसोय, सुरक्षितता किंवा प्रदूषणमुक्ती यांसारखी कारणे ग्राहकास स्वतःपाशी पुरेशी वाटावी लागतात.

त्रयस्थ विम्याचा हप्ता मोटरच्या शक्तीनुसार ३० किलोवॅटपर्यंत, ३० ते ६५ किलोवॅट व त्यापुढील अशा तीन गटांत ठरतो. मध्यम सेडान बहुधा शेवटच्या गटात येते. सर्वंकष विम्यात बॅटरी व चार्जर यांचा समावेश आहे का, हे पॉलिसीत स्वतंत्रपणे पाहावे लागते.

हमी आणि दुरुस्ती

बॅटरीवर साधारणपणे ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवरची हमी असते. क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास बॅटरी बदलून मिळेल आणि वाहन विकल्यास हमी पुढील मालकाकडे जाते का, ही कलमे करारात वाचून घेणे आवश्यक असते. उच्च दाबाच्या विद्युतप्रणालीचे काम गावातील सर्वसाधारण गॅरेजमध्ये करता येत नाही. बंद पडलेली मोटार बहुधा चाके जमिनीवरून उचलून, सपाट ट्रकवरच न्यावी लागते. म्हणून अधिकृत कार्यशाळा किती अंतरावर आहे आणि तेथपर्यंत मोटार नेण्याचा खर्च कोण करतो, हे लेखी घेणे हिताचे होय.

खरेदीपूर्व तपासणी

- घरी रात्रभर चार्जिंग करण्याची स्वतःची, सुरक्षित जागा असणे.
- मंजूर वीजभार, रात्रीचा विद्युतदाब व अर्थिंग यांची तपासणी.
- सर्वांत लांब अटळ फेरीचा, घटलेली बॅटरी व उन्हाळा धरून केलेला हिशेब.
- उन्हाळ्यातील दुपारी, वातानुकूलन चालू ठेवून, महामार्गावर घेतलेली चाचणी.
- सवलतींची त्या दिवशीची स्थिती यवतमाळच्या परिवहन कार्यालयात (नोंदणी संकेत एमएच-२९) विचारून घेणे.
- हमी, कार्यशाळा व वाहन उचलून नेण्याच्या सेवेविषयी लेखी माहिती.

यांपैकी पहिल्या अटीची पूर्तता होत नसल्यास, इतर बाबी अनुकूल असूनही, जिल्ह्यात विद्युत सेडानचा वापर कष्टाचा ठरतो. कुटुंबात दुसरे इंधनवाहन असल्यास लहान बॅटरीची मोटारही दैनंदिन कामास पुरते. एकमेव वाहन म्हणून घ्यावयाची असल्यास मात्र अवेळी कराव्या लागणाऱ्या नागपूर फेरीस पुरेल एवढी बॅटरी असणे आवश्यक मानावे लागते.