न बांधलेला केऑन कारखाना : व्हँकुव्हर, १९८५ ते १९९४

विज्ञानाच्या इतिहासावर बोलताना आपण सहसा उभ्या राहिलेल्या यंत्रांबद्दल बोलतो. आज बोलायचं आहे ते कधीच उभं न राहिलेल्या यंत्राबद्दल. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात, ट्रायम्फ नावाच्या प्रयोगशाळेत, त्याचा आराखडा जवळजवळ दहा वर्षं तयार होत होता. नाव होतं ‘केऑन’. केऑन, अँटिप्रोटॉन, इतर हॅड्रॉन आणि न्यूट्रिनो यांची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ते केलं होतं. पण खरा नायक त्यातला पहिलाच, म्हणजे केऑन हा कण.

आधी त्याची ओळख करून घेऊ. १९४७ साली मँचेस्टरमध्ये रोचेस्टर आणि बटलर हे दोघे मेघकोठीत वैश्विक किरणांची छायाचित्रं घेत होते. सुमारे ५,००० छायाचित्रांतून दोन अशी निघाली, की त्यांत कणांच्या वाटेला विचित्र फाटा फुटलेला होता. कुठलातरी अनोळखी, जड कण वाटेत मोडला होता. पुढे ब्रिस्टलमध्ये, पॉवेल यांच्या गटातल्या रोझमेरी ब्राउन या संशोधक विद्यार्थिनीला फोटोग्राफिक इमल्शनमध्ये तीन पायॉनांत मोडणारा एक कण सापडला. त्याच ब्रिस्टलमध्ये काही वर्षांनी आपले एम. जी. के. मेनन यांनी ओ’केली यांच्याबरोबर या जड मेसॉनांच्या विघटनांवर काम केलं आणि १९५५ मध्ये ते मुंबईला टीआयएफआरमध्ये आले. हे सगळे माग एकाच कणाचे, हे कळायला मात्र बराच वेळ लागला.

आता तुम्ही म्हणाल, नवे कण तर पुष्कळ सापडले, याचंच एवढं कौतुक का? कारण या कणाने निसर्गाचे दोन मोठे नियम मोडून दाखवले. एकाच वस्तुमानाचा कण कधी दोन पायॉनांत मोडतो, कधी तीनांत, हे कसं? या कोड्यातून ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये डाव्या-उजव्याच्या समानतेवरच प्रश्नचिन्ह लावलं. पुढच्याच वर्षी वू यांच्या प्रयोगाने त्यांची शंका खरी ठरवली. मग १९६४ मध्ये ब्रूकहेवनला क्रोनिन, फिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घायुषी केऑनची सुमारे २२,७०० विघटनं तपासली. दोन पायॉनांत मोडणारी शून्य निघायला हवी होती, निघाली सुमारे ४५. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांना निसर्ग अगदी सारखं वागवत नाही, याचा तो पहिला पुरावा.

हजारात दोन! इथून पुढची सगळी गोष्ट या हिशेबाची आहे. हजारात दोन दिसलं, तर लाखात काय दिसेल? अब्जात काय दिसेल? केऑनचं एक विघटन असं आहे, की त्यात एक पायॉन निघतो आणि दोन न्यूट्रिनो गुपचूप निसटतात. दर दहा अब्ज केऑनांमागे साधारण एकदाच ते घडावं, असं सिद्धान्त सांगतो. हा हिशेब पक्का असल्यामुळे त्यात फरक पडला, तर काहीतरी नवं आहे हे नक्की. पण मोजायचं तर केऑन हवेत, आणि तेही धो धो.

सत्तरच्या दशकात ‘मेसॉन फॅक्टरी’ म्हणून तीन यंत्रं सुरू झाली: अमेरिकेत लॉस अलामोसला, स्वित्झर्लंडमध्ये फिलिगेनला आणि व्हँकुव्हरला. ही पायॉनांचे कारखाने होती. ट्रायम्फच्या सायक्लोट्रॉनची ऊर्जा ५२० एमईव्ही. प्रोटॉनवर प्रोटॉन आदळून केऑन काढायला निदान १,५८० एमईव्ही लागतात. म्हणजे या यंत्रातून कितीही धार सोडली, तरी या टकरीतून एकही केऑन मिळायचा नाही. मग ट्रायम्फचे संचालक एरिक वोग्ट आणि यंत्ररचनेचे प्रमुख मायकेल क्रॅडॉक यांनी ठरवलं, की सायक्लोट्रॉन ठेवायचा, आणि त्याच्यापुढे नवी कडी जोडायची. ३० जीईव्ही ऊर्जा, १०० मायक्रोअँपिअर धार. गुणाकार करून बघा, ३ मेगावॉट होतात. या ऊर्जेच्या तेव्हाच्या यंत्रांच्या जवळजवळ शंभरपट धार!

अडचण कुठे होती? सायक्लोट्रॉन हा नळाच्या अखंड बारीक धारेसारखा. सिंक्रोट्रॉन हा रहाटासारखा, एक खेप भरायची, वर न्यायची, ओतायची, परत यायचं. धारेखाली रहाट चालवायचा, तर मध्ये पिंपं हवीत. म्हणून आराखड्यात पाच कडी आली. पहिलं कडं वीस मिलिसेकंद प्रोटॉन साठवणार. दुसरं, बूस्टर, सेकंदाला पन्नास खेपा करून त्यांना ३ जीईव्हीपर्यंत नेणार. तिसरं त्याच्या पाच खेपा गोळा करणार. चौथं, ड्रायव्हर, घेर साधारण एक किलोमीटर, सेकंदाला दहा खेपांनी ३० जीईव्ही गाठणार. आणि पाचवं ती खेप सावकाश, सलग धारेने प्रयोगांना देणार. सगळे कण एकदम अंगावर आले, तर मोजणारं उपकरण गोंधळतं, म्हणून ही शेवटची सोय.

त्याहून मोठी काळजी गळतीची होती. ३ मेगावॉटमधला एक टक्का जरी कड्याच्या भिंतीला लागला, तरी ३० किलोवॉट होतात. तेवढ्याने चुंबकं इतकी किरणोत्सर्गी होतील, की दुरुस्तीला माणूस जवळ जाऊ शकणार नाही. जुन्या सिंक्रोट्रॉनांत वेग वाढताना ‘ट्रान्झिशन’ नावाचा एक उंबरठा लागे, आणि तो ओलांडताना हमखास कण सांडत. क्रॅडॉक यांच्या गटाने चुंबकांची मांडणीच अशी केली, की हा उंबरठा कमाल ऊर्जेच्याही पलीकडे जावा. म्हणजे तो ओलांडायचाच नाही.

एवढं करून केऑन तयार झाला, तरी तो टिकतो किती? सेकंदाच्या सुमारे १२ अब्जांश भाग. मंद केऑनांच्या शलाकेत तो मोडण्याआधी सरासरी सहा मीटर जातो. वाहिनी अठरा मीटर लांब केली, तर शंभरातले पाचच शेवटी पोचतात. बरं, लांबी कमी करावी, तर केऑनांबरोबर शेकडो पटींनी निघालेले पायॉन वेगळे करायला विद्युत विभाजक बसवायला जागा पुरत नाही. प्रत्येक मीटर असा भांडून मिळवावा लागतो.

१९८५ मध्ये प्रस्ताव आला. पुढे केंद्र आणि प्रांत सरकारांच्या पैशाने सविस्तर अभ्यास झाला. खर्च सुमारे ७० कोटी कॅनेडियन डॉलर. एक तृतीयांश ब्रिटिश कोलंबिया प्रांत देणार, एक तृतीयांश ओटावा, उरलेला परदेशी भागीदार. १९९१ मध्ये ओटावाने आपला हिस्सा द्यायची तयारी दाखवली. पण एका यंत्राने देशातल्या सगळ्या विज्ञानाचा घास खाऊ नये, असं म्हणणारे शास्त्रज्ञही कॅनडात होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकेने टेक्ससमधला महाकाय एसएससी प्रकल्प बंद केला. फेब्रुवारी १९९४ मध्ये अर्थमंत्री पॉल मार्टिन यांच्या अर्थसंकल्पात केऑनचाही शेवट झाला.

मग हे सगळं वाया गेलं का? ट्रायम्फ बंद पडली नाही. तोच जुना सायक्लोट्रॉन वापरून तिने दुर्मीळ समस्थानिकांचं काम उभं केलं आणि सर्नच्या एलएचसीला यंत्रभाग पुरवले. आणि जपानमध्ये तोकाई इथे २००९ पर्यंत उभं राहिलेलं जे-पार्क बघा: ३ जीईव्हीचं जलद कडं, त्यापुढे ३० जीईव्हीचं मोठं कडं, आणि ट्रान्झिशनचा उंबरठा टाळणारी मांडणी. ओळखीचं वाटतं ना? सावकाश धार कशासाठी लागते, हेही तिथेच दिसलं. मे २०१३ मध्ये यंत्रातल्या बिघाडामुळे दोन सेकंदांत जाणारे प्रोटॉन पाच मिलिसेकंदांत सोन्याच्या लक्ष्यावर आदळले. सोनं वितळलं, किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर पडलं, ३४ जणांना त्याची थोडी मात्रा लागली आणि ते दालन जवळजवळ दोन वर्षं बंद राहिलं.

आणि ते दुर्मीळ विघटन? ब्रूकहेवनने १९९७ मध्ये पहिली एक घटना जाहीर केली. एक! सर्नच्या एनए६२ प्रयोगाने २०२४ मध्ये पक्का पुरावा दिला. गंमत म्हणजे त्यांनी पायॉन वेगळे काढलेच नाहीत. शलाकेत केऑन फक्त सहा टक्के, पण प्रत्येक केऑनला येतानाच ओळखून खूण करायची, अशी त्यांची युक्ती. कारखान्याने न सोडवलेला प्रश्न वेगवान इलेक्ट्रॉनिक्सने सोडवला. विद्युतभार नसलेल्या केऑनचं तसंच विघटन मात्र अजून सापडलेलं नाही. जे-पार्कचा कोटो प्रयोग ते शोधतो आहे.

म्हणून १९९४ चा निर्णय बरोबर की चूक, हे मी एका शब्दात सांगणार नाही. ३० जीईव्हीवर ३ मेगावॉट आजही कुठल्याच यंत्राने गाठलेले नाहीत. कदाचित ती उडी फार मोठी होती. पण पैसे नाकारले गेले, तरी आराखडा कपाटात पडून राहिला नाही. तो शोधनिबंधांतून आणि माणसांबरोबर दुसऱ्या प्रयोगशाळांत गेला. यंत्राचा इतिहास लिहिताना आपण उद्घाटनाची तारीख शोधतो. या यंत्राला ती तारीखच नाही, तरी त्याच्याशिवाय पुढच्या यंत्रांचा इतिहास पुरा होत नाही.